ग्रेनचा हिशोब

ग्रेन हे माप आमच्या घरात पिस्तुलाच्या कितीतरी आधी आलं. वडिलांचा सुताचा धंदा. सोलापूरच्या पूर्व भागात दुकान, मागे गोदाम, आणि दोन्हींच्या मधल्या खोलीत एक रॅप रील आणि काचेच्या पेटीतला नाजूक तराजू. गिरणीचा माल उतरला की वडील वेगवेगळ्या गोण्यांतून सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, काढायचे आणि रीलवर सूत गुंडाळायचे. रीलचा घेर दीड यार्ड, म्हणजे ८० फेऱ्यांत १२० यार्ड. ती आटी तराजूत टाकायची, वजन ग्रेनमध्ये घ्यायचं आणि १००० ला त्या आकड्याने भागायचं. ५० ग्रेन भरली तर सूत २० काउंटचं. काउंट मोठा तितकं सूत बारीक. ५२ भरली तर गिरणीने जाड सूत पाठवलंय, म्हणजे तेवढ्याच किलोत चादरी कमी निघणार. एका कोनावरून मात्र वडील कधी काही बोलले नाहीत. गिरणीचा माणूस समोर चहा पीत बसलेला असला तरी त्यांचं रील फिरतच राहायचं.

त्यामुळे टेक्सासात राहणारा माझा मावसभाऊ अप्पू पहिल्यांदा फोनवर ‘१४७ ग्रेनची गोळी’ म्हणाला तेव्हा मला काही समजावून सांगावं लागलं नाही. एका पौंडात ७००० ग्रेन. सुतालाही तेच, काडतुसालाही तेच. आपल्या ग्रॅममध्ये साधारण ०.०६५. त्यालाच नवल वाटलं. म्हणाला, ‘तुला कसं माहीत बे?’ वीस-बावीस वर्षं तिकडे राहूनही त्याचं ‘बे’ काही सुटलेलं नाही.

अप्पू शनिवार-रविवारी प्रॅक्टिकल शूटिंगच्या सामन्यांना जातो. धावत, वळत, आडोशामागून डोकावत कागदी आणि पोलादी लक्ष्यं पाडायची, आणि मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ. एका सामन्यात शेकड्याने काडतुसं उडतात. बाजारातली घेतली तर खिसा रिकामा होतो, म्हणून त्याच्यासारखे पुष्कळ जण ती घरीच भरतात. गॅरेजमध्ये टेबलाला घट्ट बसवलेला एक प्रेस असतो. उडवलेल्या काडतुसाची पितळी केस आगीने फुगलेली असते. ती साच्यातून दाबून पुन्हा मूळ मापाला आणायची, बुडातला जळका प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, ठोकून काढायचा, नवा बसवायचा, दारू टाकायची, वर गोळी बसवायची आणि केसचं तोंड हलकेच आवळायचं. चांगल्या प्रेसवर ही सगळी कामं एकाच वेळी शेजारशेजारच्या घरांत चालतात, त्यामुळे दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस डब्यात पडतं. हे काम चालू असताना तो फोन उचलत नाही. एखाद्या केसमध्ये दारू दोनदा पडली तर पिस्तूल हातातच फुटू शकतं. गोळी बसायच्या आधी प्रत्येक केसमध्ये डोकावता यावं म्हणून त्याने प्रेसवर छोटा दिवा लावलाय. दारू पडलीच नाही तर तेही वाईट. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी आली की नळी गेली.

हे सगळं स्वस्ताईसाठी, असं तो बायकोला सांगतो. खरं कारण वेगळं आहे. त्या खेळात ‘पॉवर फॅक्टर’ नावाचा नियम आहे. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले तिचा दर सेकंदाला फुटांतला वेग, भागिले १०००. अप्पूच्या गटात हा आकडा किमान १२५ लागतो. १४७ ग्रेनची गोळी ९०० फुटांच्या वेगाने गेली तर १३२ येतो, म्हणजे पास. सामन्याच्या दिवशी पंच तुमच्याच पट्ट्यातली काही काडतुसं मागून घेतात. एक उघडून तिच्यातल्या गोळीचं वजन करतात, बाकीची क्रोनोग्राफवरून मारून वेग मोजतात. १२५ च्या खाली गेलात तर खेळत राहा, पण गुण शून्य. कारखान्याचं काडतूस या रेषेच्या बरंच वर असतं, आणि जितकं वर तितका हाताला झटका जास्त. घरी भरणारा माणूस रेषेच्या जरा वर, पण फार वर नाही, अशी जागा शोधत बसतो. पिस्तूल कमी उसळतं, पुढचा नेम लवकर लागतो. जड गोळी हळू मारली तरी आकडा तोच येतो आणि झटका मात्र मऊ लागतो, म्हणून हे लोक १४७ वर जातात.

या शोधाला ते लोड डेव्हलपमेंट म्हणतात. गोळी तीच, केस तीच, दारू मात्र दर टप्प्याला चिमूटभर वाढवत न्यायची. प्रत्येक टप्प्याची पाच काडतुसं भरायची, पिस्तूल टेकवून २५ यार्डांवर मारायची, छिद्रं किती जवळ पडली ते मोजायचं. सगळ्यात छोटा ग्रुप देणारा टप्पा निवडायचा. अप्पू मला त्या कागदांचे फोटो पाठवायचा. एका टप्प्याचा ग्रुप रुपयाच्या नाण्याएवढा, शेजारच्याचा बशीएवढा. ‘बघ, इथे सापडलं!’ असा खाली मजकूर.

मी वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. मला त्या फोटोंत एका कोनावर सौदा करणारा गिऱ्हाईक दिसायचा.

आपल्याकडे हा प्रकार घरच्या टेबलावर चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ सरळ आहे. परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवायचा नाही. त्यामुळे सोलापुरात बसून काडतूस ‘तयार’ करण्याचा प्रश्नच येत नाही. आणि माझ्या लेकीचा खेळ तर वेगळाच आहे, १० मीटर एअर पिस्तूल. त्यात दारू नाही, प्रायमर नाही, केस नाही. नळकांडीत दाबलेली हवा आणि अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलपर्यंतच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटर गेला तर ऊर्जा सहा जूलच्या आत राहते. तिथे भरायला काही नसतं. निवडायला मात्र असतं, आणि निवडीचा नाद भरण्याच्या नादापेक्षा कमी नाही.

सामन्याचा छर्रा जवळून बघितलाय का? डमरूसारखा असतो, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर, पुढचं डोकं मात्र सपाट. डोकं सपाट असल्यामुळे कागदात स्वच्छ गोल भोक पडतं आणि पंचाला रेघेला स्पर्श झाला की नाही ते दिसतं. मागचा घेर हवेच्या दाबाने फुगून नळीच्या आट्यांना धरतो. नाव ४.५ मिलिमीटर असलं तरी डब्यांवर डोक्याची मापं ४.४९, ४.५०, ४.५१ अशी छापलेली असतात. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा छर्रा तीन-चार मापांत मिळतो. कुठली नळी कुठलं माप मानेल हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यात पुन्हा लॉट. डब्याच्या बुडाला किंवा कडेला छापलेला तो नंबर बदलला की साचा बदललेला असू शकतो, किंवा साचा तोच पण झिजलेला. चादरीच्या धंद्यातल्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नाही. लाल तो लालच, डाइंगवाला तोच, कार्डावरचा नंबर तोच, पण दोन लॉटचा रंगीत धागा एका चादरीत आला की पट्टा उठून दिसतो. म्हणून आम्ही ऑर्डरीला पुरेल इतका एकाच लॉटचा माल उचलतो. छर्ऱ्यांचंही तेच.

आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन ही जर्मन, जेएसबी हे झेक. रेंजवर ही नावं पोरांच्या तोंडी असतात. महाग डब्यात प्रत्येक छर्रा फोमच्या स्वतंत्र खळग्यात बसवलेला, म्हणजे घेर चेपू नये. लेकीच्या रेंजवरची पालकमंडळी बाकावर बसून या डब्यांबद्दल जे बोलतात ते ऐकलं तर वाटेल की पोरं नुसती उभी राहतात, गुण डबाच आणतो.

मी गोदामात चाचणी लावली. दहा मीटर सरळ जागा, समोर जाड लाकूड आणि त्यामागे लोखंडी पत्रा, वर उजेडाला पारदर्शक पत्र्याचा झरोका. पिस्तुलाची मूठ काढून धड बेंच व्हाइसमध्ये, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावून, बेताने आवळायचं. फार आवळलं तर काम बिघडतं, सैल राहिलं तर दर शॉटला जागा सरकते. पहिले काही छर्रे नुसते नळी बसवायला, कारण छर्रा बदलला की आधीच्या शिशाचा थर जाऊन नवा बसेपर्यंत नळी कुरकुरते. मग कागद लावायचा आणि मारायचं. सामन्याचे छर्रे गोळा करताना बोटं काळी होतात. ते शिसं असतं. आमच्याकडे कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर हातानेच खायची रीत, त्यामुळे गोदामाच्या दाराशी साबण ठेवलाय आणि हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, हे लेकीला चार वेळा सांगून झालंय.

अडचण एकच होती, शेजारचे यंत्रमाग. भिंतीपलीकडे माग चालू झाले की फरशी थरथरते. पाण्याच्या ग्लासात वलयं दिसतात इतकी. व्हाइसमधलं पिस्तूलही त्याच फरशीवर उभं. म्हणून चाचणी मागांच्या सुट्टीच्या दिवशीच.

सुरुवात मी वजनापासून केली, सवयच ती. सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा काटा आणला आणि डबेच्या डबे तोलले. चांगल्या डब्यातले छर्रे एकमेकांपासून फार तर टक्काभर हलतात. मग कागदावर हिशोब मांडला. सेकंदाला दीडशे मीटर म्हणजे दहा मीटर जायला साधारण ०.०६७ सेकंद. तेवढ्या वेळात छर्रा २२ मिलिमीटर खाली पडतो. वजन टक्क्याने वाढलं, ढकलणारी हवा तेवढीच असली, तर वेग अर्धा टक्का उतरतो आणि पडणं टक्काभर वाढतं, म्हणजे ०.२ मिलिमीटर. केसाच्या दोन-तीन जाडींएवढं. काटा आता लेकीच्या आईच्या ताब्यात आहे, केशर मोजायला. त्यापेक्षा चेपलेला घेर जास्त नुकसान करतो आणि तो काट्यावर दिसतच नाही. तो उजेडात छर्रा बोटांत फिरवून दिसतो.

डोक्याचं माप मात्र लागू पडलं. आमच्या नळीला एका मापाने पाच छर्ऱ्यांचा ग्रुप, छिद्राच्या मध्यापासून मध्यापर्यंत, तीन मिलिमीटरच्या आसपास दिला. दुसऱ्याने सहाच्या. फरक दुप्पट. रेंजवर हे सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या पालकांनी ते माप मागवलं असतं.

पण दुप्पट म्हणजे गुणांत किती?

एअर पिस्तुलाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं. छर्ऱ्याची कड रेघेला नुसती शिवली तरी दहा, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. पुढची प्रत्येक रिंग आणखी ८ मिलिमीटरची. आता ६०० पैकी ५५५ च्या घरात मारणारा नेमबाज घ्या. त्याच्या हाताचा पसारा काढला तर प्रमाण विचलन, आडवं आणि उभं, आठेक मिलिमीटर निघतं. चांगल्या छर्ऱ्याचा पसारा त्याच मापाने १, वाईटाचा २. हे पसारे सरळ बेरजेने वाढत नाहीत. वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. ६४ अधिक १ म्हणजे ६५, मूळ ८.०६. ६४ अधिक ४ म्हणजे ६८, मूळ ८.२५. दुप्पट वाईट छर्रा, आणि एकूण पसारा सव्वादोन टक्क्यांनी वाढला. साठ शॉटमध्ये याचे होतात पावणेदोन गुण. तेही सरासरीने. आमच्या लेकीचा रोजचा स्कोअर त्याच्या कितीतरी पट वर-खाली हलतो; झोप, परीक्षा आणि मैत्रिणीशी अबोला या तिघांपैकी कुठलंही एक पुरतं.

गंमत अशी की नेमबाज जसा सुधारतो तसा छर्रा महत्त्वाचा होत जातो. ५८० च्या घरातल्याच्या हाताचा पसारा पाचेक मिलिमीटर. त्याला तोच वाईट छर्रा अडीच गुणांना पडतो. आणि त्या उंचीवर अडीच गुण म्हणजे काय? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सरबज्योत सिंगने १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत ५७७ मारले. आठव्या आलेल्या जर्मन रॉबिन वाल्टरचेही ५७७. वाल्टरचे आतले दहा १७, सरबज्योतचे १६. अंतिम फेरीत आठ जण जातात, सरबज्योत नववा. आतल्या दहाचं वर्तुळ ५ मिलिमीटरचं. त्याच रेंजवर मनू भाकरने ५८० मारून तिसऱ्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली आणि तिथे २२१.७ वर कांस्य घेतलं. दक्षिण कोरियाची किम येजी तिच्यापुढे होती ०.१ ने. एअर पिस्तुलात ०.१ म्हणजे ०.८ मिलिमीटर. तिथल्या मंडळींनी डबे तपासले तर ते नखरे नव्हेत. .२२ इंची काडतुसाच्या प्रकारांत तर वरचे नेमबाज आपली बॅरल घेऊन इंग्लंडला इले किंवा जर्मनीत लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रावर जातात, लॉटमागून लॉट मारून बघतात आणि पटलेल्या लॉटची पेट्यांनी खरेदी करतात. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य घेतलं ते ५० मीटरवर, .२२ रायफलने. पन्नास मीटरवर लॉटचा खेळ दहा मीटरपेक्षा पुष्कळ मोठा.

म्हणजे ज्याला छर्ऱ्याने फरक पडतो त्याला तो कशाने पडतोय ते माहीत असतं, आणि ज्याला पडत नाही तो बाकावर बसून डब्यांची चर्चा करतो. मीही त्याच बाकावर असतो, फक्त माझ्या पिशवीत व्हर्निअर कॅलिपर असतं.

आता पाचच्या ग्रुपबद्दल. अप्पूशी माझी खरी भांडणं यावर झाली. एकाच नळीतून, एकाच डब्यातले, काहीही न बदलता पाच-पाचचे ग्रुप मारत बसा. एक दुसऱ्याच्या दीडपट येणं अगदी रोजचं. मग दारूचे आठ टप्पे केले आणि प्रत्येकाला पाचच काडतुसं दिली, तर आठांतला सगळ्यात छोटा ग्रुप कुणाचा तरी येणारच. तो त्या टप्प्याचा गुण की त्या पाचांचं नशीब, हे कागद सांगत नाही. दुसरं म्हणजे, आपण मोजतो ती सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांमधली लांबी. उरलेली तीन छिद्रं कुठे पडली याला काही किंमतच नाही. आणि शॉट वाढवले की ही लांबी वाढतेच. तोच माल दहा मारला तर ग्रुप पाचाच्या सव्वापट येतो. तेव्हा एकाने पाच मारून ‘तीन मिलिमीटर’ म्हणायचं आणि दुसऱ्याने दहा मारून ‘पावणेचार’ म्हणायचं, यात पहिल्याचा डबा चांगला असं काही नाही. दोघांचा माल एकच असू शकतो.

मी त्याला म्हटलं, टप्पे कमी कर, प्रत्येकाला तीस दे, आणि लांबी मोजण्याऐवजी प्रत्येक छिद्राचं मध्यापासूनचं अंतर काढून सरासरी घे. तो वैतागला. ‘तीस? मग सामन्याला काय उरणार बे?’ पण एका सुट्टीत त्याने केलं. त्याच्या लाडक्या टप्प्याचा आणि शेजारच्या दोन टप्प्यांचा फरक मोजताच येईना. त्याला वाईट वाटलं. मला वाटलं ही फार मोठी बातमी आहे. याचा अर्थ त्याचं पिस्तूल दारूच्या बाबतीत चोखंदळ नाही, भरताना थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही, आणि आता त्याने टप्पा वेगावरून निवडावा, ग्रुपवरून नाही. टेक्सासच्या ऑगस्टात आणि जानेवारीत तापमानाने वेग हलतो. थंडीतही १२५ च्या वर राहील एवढी शिल्लक ठेवली की झालं. त्याने तसंच केलं, पण फोटो पाठवणं बंद केलं. नाण्याएवढा ग्रुप दाखवण्यात जी मजा आहे ती तीस छिद्रांच्या चाळणीत कुठून येणार.

पूर्वी २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलात आपल्याकडे जसपाल राणा होता. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९०, विश्वविक्रमाशी बरोबरी. त्या प्रकारात बहुतेक जण .३२ ची सपाट तोंडाची गोळी वापरतात, अप्पूच्या जगात तिला वॅडकटर म्हणतात. ६०० पैकी ५९० म्हणजे साठ शॉटमध्ये फक्त दहा गुण सांडले. असा स्कोअर बघितला की माझी वर्गमुळं बाजूला राहतात आणि त्या माणसाचा हात काय स्थिर असेल एवढंच डोक्यात उरतं.

आणखी एक गोष्ट रेंजवर सारखी गोंधळात पडते. छर्रा बदलला आणि शॉट डावीकडे जायला लागले की पोरं म्हणतात, हा वाईट. अरे, तो वाईट नाही, फक्त दुसरीकडे जातोय. साइटचे दोन क्लिक फिरव. संक्रांतीला सोलापुरात होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा फुगे फोडायच्या स्टॉलवर जाऊन बघा. तिथल्या बंदुकीची नळी वाकडी, साइट ठोकलेली. पण मुरलेला पोरगा पहिला छर्रा वाया घालवतो, किती लांब गेला ते बघतो आणि मग पिवळ्यावर नेम धरून शेजारचा लाल फोडत सुटतो. ती बंदूक वाकडी आहे, पण दर वेळी तेवढीच वाकडी आहे. स्टॉलवाल्याच्या छर्ऱ्यांना लॉट नसतो, मूठभर जे हातात येईल ते, आणि म्हणून चौथा-पाचवा कुठे तरी भलतीकडेच जातो. खरा वाईट तो. केंद्र सरकवता येतं, पसारा सरकवता येत नाही.

लेकीला या सगळ्यातलं किती पोचतं कोण जाणे. ती विज्ञान शाखेची, वर्गमूळ तिला माझ्यापेक्षा बरं येतं, पण फायरिंग पॉइंटवर तिला हे नको असतं. तिच्या सरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, ‘सामन्याच्या आठवड्यात डब्यांबद्दल घरी बोलू नका.’ बरोबर होतं त्यांचं. डब्याचा विषय निघाला की आठ पडल्यावर पोरीची नजर ट्रिगरवरच्या बोटाकडे जाण्याऐवजी डब्याकडे जाते. आता व्यवस्था अशी: चाचणी मी करतो, निवडतो मी, डब्यावरची चिठ्ठी मी काढून टाकतो आणि तिला बिनचिठ्ठीचा डबा मिळतो. नापास झालेले डबे सरावाला जातात. कुठला कुठला हे तिला माहीत नसतं. सरावातला तिचा आजवरचा सगळ्यात चांगला स्कोअर नापास डब्यातून आलाय, आणि माझा हिशोब हेच सांगतो की असं अधूनमधून होणारच. तरी बाकावरच्या पालकांना मी ते सांगत नाही. एकाने त्या मापाचा डबा उद्याच मागवला असता.

सध्या पंचाईत वेगळी आहे. आमचा पास झालेला लॉट संपत आलाय. पुण्याच्या विक्रेत्याकडे तो नंबर उरलेला नाही, दोन नवे लॉट आलेत. त्याने दोन्हींचा एकेक डबा संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने परत येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिला आणि म्हणाला, आठवडाभर माल अडवून ठेवतो, कुठला हवा ते कळवा. आठवड्यात मागांची सुट्टी एकच, आणि नेमक्या त्या दिवशी नात्यातलं लग्न. शेजारच्या कारखान्यातल्या अण्णांना विचारलं, तासभर माग थांबवता येतील का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सुताची उधारी माफ कर म्हणतोय. मग म्हणाले, ‘थांबवायचं कशाला? लाइट गेली की मारा की. तुमच्या पिस्तुलाला कुठं करंट लागतोय?’

परवा दुपारी गेली. झरोक्यातून भरपूर ऊन येत होतं, फरशी शांत. पहिल्या लॉटचे तीस झाले, दुसऱ्याचे निम्म्याच्या पुढे गेलो, तोवर लाइट आली.